आत्याच्या दातांचा साचा

त्या काळी दातांचा साचा घ्यायचा म्हणजे रबरी वाटीत पावडर आणि पाणी हातानेच घोटावं लागे, आणि दीड मिनिटात ते घट्ट होई. दवाखान्यात मदतनिसाचं काम शिकणाऱ्या धाकटीने दोनदा ते वाटीतच घट्ट होऊ दिलं होतं, कारण पेशंटचं बोलणं संपेपर्यंत ती भिडेपोटी थांबायची.

"आज जमलं नाही तर उद्या येऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आज खुर्चीत बसायला तयार झाली ती फक्त धाकटीची आत्या, जिच्यापुढे घरात कुणाची बोलायची टाप नव्हती.

"अगं, हे गुलाबी काय कालवतेस?"

"आत्या, आ कर."

"थांब, आधी माझं सांगून होऊ दे. आमच्या वेळी तर..."

वाटीतलं मिश्रण जड व्हायला लागलं. धाकटीने ते दातांच्या आकाराच्या ट्रेमध्ये भरलं, आत्याची हनुवटी धरली आणि ट्रे वरच्या दातांवर बसवला. आत्याने डोळे वटारले, पण तोंडातून नुसतं "अं, अं" निघालं.

साच्यात दाढांसकट सगळे दात स्वच्छ उमटले होते. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरला. "उद्यापासून नऊला या."

आत्याने तोंड पुसलं. "आता माझं ऐक, कार्टे..."

"आत्या," धाकटी पावडर मोजत म्हणाली, "खालचे दात राहिलेत."