मोरीजवळ ठेवलेली ताटली

मित्रांनो, माझ्या काठावर 'चि. अक्षता' असं नाव घातलेलं आहे, म्हणून मी कोणाची हे मला सांगावं लागत नाही. मी स्टीलची ताटली. आता जुनी झाले आहे, अंगावर ओरखडे आहेत. अक्षताच्या बारशासाठी तिची आजी सावित्रम्मा यांनी सोलापुरातल्या भांड्यांच्या दुकानातून मला आणलं. नाव घालणारं यंत्र टर्रर्र करत फिरलं, तेव्हा मला फार गुदगुल्या झाल्या. दुकानदाराने विचारलं, "नाव बारीक घालू का?" सावित्रम्मा म्हणाल्या, "मोठं घाला की! आमची पोरगी काय चोरून जेवणार हाय?"

पुढे मी मन लावून काम केलं. दुधात कुस्करलेली भाकरी, शेंगाचटणी, दही, सगळं माझ्यावर वाढलं गेलं. अक्षता मला चाटूनपुसून लख्ख करायची. मांडणीत माझी जागा अगदी मध्यभागी होती आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू!

मग अक्षता जेवेनाशी झाली. दोन घासांत "पुरे" म्हणायची आणि शाळेतून आली की झोपायची. अंगात एखादा जुना संसर्ग दडून बसला आहे का, हे पाहायला डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं. शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट तिचे वडील मंजुनाथ यांच्या मोबाइलवर आला. दवाखाना सोमवारीच उघडणार होता, पण तोवर धीर कोण धरतो?

मंजुनाथ एका ओळीवर थांबले आणि आईला म्हणाले, "अव्वा, हिपॅटायटिस बी लिवलंय. हितं दहा लिवलंय आन् हिचं तीनशे बारा."

सावित्रम्मांना साखरेचा आजार आहे. त्यामुळे या घरात रिपोर्ट वाचायची एकच रीत होती, आकडा वर गेला की दुखणं वाढलं. "अय्यो शिवा! दहाच्या जागी तीनशे?" त्या किंचाळल्या. "कावीळच ही. माजा भाऊ ह्यानंच गेला की रे!"

अक्षताची आई भिंतीला टेकून रडू लागली. सावित्रम्मा उठल्या, मला चिमटीत धरून मांडणीतून काढलं आणि मोरीजवळ पालथं घातलं. मित्रांनो, 'नाव मोठं घाला' म्हणणारी बाई ती हीच का?

रविवारी अक्षताला एकटीला मोरीजवळ वाढलं. "अज्जी, मी हितं का?" तिने विचारलं. धाकटी बहीण भूमी तिच्याकडे सरकली, तर तिला दंड धरून मागे ओढलं. त्या दिवशी माझ्यातली भाकरी तशीच वाळून गेली.

सोमवारी मंजुनाथ दवाखान्यातून आले ते दारातूनच ओरडत. "अव्वा, त्यो आकडा म्हंजे लशीची ताकद हाय! लहानपणी टोचलं नव्हतं का? दहाच्या वर म्हंजे रोगापासनं राखण हाय. रिपोर्टात रोगाची ओळ निराळी असती, ती निगेटिव्ह हाय. पोरीच्या अंगात रक्त कमी हाय, त्याचं औषध दिलंय."

"खरं सांगतूस न्हवं?"

"व्हय की! आन् ताटलीचं सांगितलं तवा डॉक्टरीणबाई लई चिडल्या. म्हणाल्या, रोग असता तरी ताटलीनं पसरत न्हाई. लेकराला वेगळं बसवायला सांगितलं कुणी?"

सावित्रम्मांनी मला घासूनपुसून माझ्या जागी ठेवलं. घरात हसू परतलं. मला वाटलं, सुटले एकदाची.

संध्याकाळी पानं घेतली. अक्षता आली, तिने मला मांडणीतून काढलं आणि मुकाट्याने मोरीजवळ जाऊन बसली.

"अगं, हितं ये की," सावित्रम्मा म्हणाल्या.

"नको अज्जी. भूमीला व्हईल."

हा धक्का पहिल्याहून मोठा होता. सगळ्यांचे घास हातातच राहिले. सावित्रम्मा गुडघ्यांवर हात देत उठल्या आणि मोरीजवळ तिच्यासमोर बसल्या. त्यांनी माझ्यातली भाकरी मोडली, पहिला घास स्वतः खाल्ला आणि दुसरा अक्षताला भरवला. तो गिळताना दोघी रडत होत्या.

मित्रांनो, रिपोर्टमधला आकडा कळला नाही, तर डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबा, आणि तोवर लेकराला जवळ बसवा. मला काय, राखेनं घासलं की मी स्वच्छ होते. अक्षता आता बरी आहे, पोटभर जेवते. पण अजूनही मला हातात घेऊन ती क्षणभर उभी राहते आणि विचारते, "अज्जी, हितं बसू?"