काळ्या कार्डाची बारा घरे

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मी जेवणाच्या टेबलावर काळ्या कार्डपेपरचे बारा तुकडे मांडले, तेव्हा माझी एकच इच्छा होती: उजव्या हाताने संध्याकाळपर्यंत साथ द्यावी. मंगळवारी माझे मुंबईचे विमान होते. पत्नी गेल्यानंतर मी आखातात, अल् घुब्रात मुलाकडे, शिरीषकडे आलो, त्याला आठ महिने झाले. चिंचवडच्या घरी एकट्याने राहण्याची परवानगी शिरीषकडून मी मोठ्या वादानंतर मिळवली होती. हात थरथरतो, हे मात्र मी कोणालाही सांगितले नव्हते.

त्या संध्याकाळी हॅलोविनसाठी इमारतीतली मुले दारोदार चॉकलेटे मागत फिरणार होती. आमच्या मजल्यावर येणाऱ्या जिन्याची सजावट सईने, माझ्या नातीने, अंगावर घेतली होती.

"आबा, ट्वेल्व्ह हवेत. एका स्टेपवर एक. भुतांची घरं, आतून लाइट."

"भुतांच्या घराचाही नकाशा लागतो," असे म्हणून तो मी सकाळीच काढून ठेवला होता.

तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर चौतीस वर्षे मी एका कारखान्याच्या आरेखन विभागात काढली. त्यामुळे कामाचा क्रम ठरलेला होता. चार भिंती एका ओळीत, शेवटी चिकटवायची पट्टी, खाली दुमडायचा तळ. आधी खिडक्या कापायच्या, बाहेरची कड सर्वांत शेवटी. नाहीतर कागद हलतो. प्रत्येक तळावर पांढऱ्या पेन्सिलीने, कारखान्यातल्या नकाशांवर असत तशा, तीन चौकटी: रेखाटले, तपासले, मंजूर. पहिलीत माझी सही, घराचा क्रमांक, लागलेली मिनिटे आणि काही बदल केला असल्यास त्याची नोंद.

"बाबा, कंदिलावर सही कशाला?" नूतनने, सूनबाईने, चहा ठेवत विचारले.

"चुकला तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून."

"म्हणजे भूत तुम्हालाच धरणार."

चार घरे व्यवस्थित झाली. पाचव्याच्या खिडकीत कटरचे पाते सरळ जाईना. पाते बोथट झाले असावे, असे मी मोठ्याने म्हणालो आणि सहाव्याला नवे बसवले. रेषा तशीच आली. मी उठलो, गॅलरीपर्यंत गेलो, परत येऊन बसलो. मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरले, तर बोटे अधिकच हलू लागली. आठव्या घराच्या खिडकीतला मधला दांडा तुटला. तो मी सईच्या नकळत चिकटवला. पुन्हा उठलो. नूतन पाहत आहे असे वाटून पुन्हा बसलो.

सई खिडक्यांना आतून बटर पेपर लावत होती. तिने नववे घर उचलून धरले.

"आबा, हे बेस्ट आहे. विंडोज किती क्रीपी झाल्यात. आधीची फारच... नीट आहेत."

"मुद्दाम केलं," मी म्हणालो.

"मग उरलेली पण अशीच करा ना."

शेवटची तीन घरे मी काहीशा निर्धास्तपणे कापली.

साडेपाचला शिरीष सेलवर चालणारे छोटे दिवे घेऊन आला. तो साइटवर काँक्रीटची तपासणी करतो. हातात आलेली वस्तू उलटून पाहिल्याशिवाय खाली ठेवत नाही. दिवा बसवण्यासाठी त्याने एक घर उलटे केले, तळ वाचला. मग दुसरे घेतले. मग बाराही घरे क्रमाने मांडली. लहानपणी माझे नकाशे तो असेच लावून द्यायचा.

"पहिल्याला अकरा मिनिटं," तो म्हणाला. "नवव्याला चोवीस."

"सईला वाकड्या खिडक्या हव्या होत्या."

"सई, तू आबांना हे कधी सांगितलंस?"

"नववं बघितल्यावर."

"पण हे पाचव्यापासून सुरू झालंय, बाबा."

"पातं बोथट होतं."

"पातं सहाव्याला बदललंय. तुम्हीच लिहिलंय इथे."

मी पाहिले. माझेच अक्षर होते: 'नवे पाते.' पाते नवे असूनही सहाव्यापासूनच्या रेषा वाकड्याच होत्या.

"कधीपासून?" त्याने विचारले.

खाली मुलांचा गलका सुरू झाला होता. आजच, असे म्हणता आले असते.

"गणपतीपासून."

शिरीष खुर्चीवर बसला. त्याने पांढरी पेन्सिल घेतली आणि बाराही तळांवर 'तपासले'च्या चौकटीत सही केली; घाई न करता, मी शिकवली होती तशी.

"रविवारी डॉक्टरांकडे जाऊ. मंगळवारचं त्यानंतर ठरवू."

"आणि तिसरी, 'मंजूर'ची चौकट?"

"ती रविवारपर्यंत रिकामी राहू दे, बाबा."

आम्ही जिन्यावर गेलो. वाकडी घरे खाली ठेवावीत, म्हणजे वर येताना खिडक्या सरळ होत जातील, असे मी सुचवले.

"नाही आबा, उलटं. वर येताना भीती वाढली पाहिजे."

मी पहिले घर तळाच्या पायरीवर ठेवले आणि एकेक पायरी चढू लागलो. बारावे दाराशी ठेवताना हात हलला, आतला दिवाही हलला. शिरीष पाहत होता. या वेळी मी हात मागे घेतला नाही.