पावणेसातचा दगड

नम्रता शेजारगावच्या शाळेत विज्ञानाची बाई. मुलांना चकित करायची तिला भारी हौस, आणि त्या हौसेनंच घात केला.

त्या दिवशी सकाळी कुठल्याशा दुर्बिणीला रिक्षाएवढा एक दगड पृथ्वीकडे येताना दिसला होता. दुपारच्या सुट्टीत नम्रताने ते वाचलं आणि आपल्या गावच्या ग्रुपवर टाकलं: ‘आज संध्याकाळी पावणेसातला आपल्या समुद्रावर आकाशातून दगड येणार!’ तो वरच जळून जाईल, कुणाला काही होणार नाही, हे पुढच्या निरोपात लिहायचं होतं. तेवढ्यात घंटा झाली आणि फोन कपाटात गेला तो गेलाच.

आता तिचं गाव पडलं गावपळणीचं. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट सगळे तीन दिवस वेशीबाहेर राहतात. मागे माणूस म्हणून ठेवायचा नाही. घाबरलेल्या गावाला दुसरं काय सुचणार? या खेपेला कौल लावायलाही कोणी थांबलं नाही; दुपारीच सगळं गाव वेशीबाहेर पडलं.

साडेपाचला ती घरी आली तर खाट रिकामी. तिचे सासरे, ज्यांना घरात सगळे दाजी म्हणत, हृदयाच्या दुखण्यातून चारच दिवसांपूर्वी घरी आलेले. डॉक्टरांनी अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलेलं. ती वेशीकडे धावत सुटली.

वेशीबाहेर काजूखाली दाजी खुर्चीतच कलंडले होते. ओठ निळे पडलेले.

“आई, ह्यांका कित्याक हलवलास?”

“गावपळणीक माणूस घरात ठेवूचो नसता गो,” सासूबाई रडत म्हणाल्या.

“दगड वरच जळान जातलो! खाली कायएक येवचा नाय!” ती ओरडली. कोणी ऐकेना. तिनं कुणाच्या तरी फोनवरून कुडाळची रुग्णवाहिका बोलावली, तर ती गावाच्याच गुरं-टेम्पोंच्या गर्दीत अडकली.

“दाजी, माका माफ करा. माझी चूक झाली.”

दाजींनी कष्टानं डोळे उघडले. “तो दगड… दिसतलो मां?”

“दिसतलो, दाजी. थोडो वेळ धीर धरा.”

पावणेसातला समुद्रावरचं आभाळ लख्ख उजळलं. मग गडगडाट झाला, आणि सगळं शांत. दगड वरच जळून गेला होता. दाजी त्याआधीच गेले होते. त्यांचा हात तिच्या हातात गार पडत होता.

गर्दीतून शेजारचा बाबली पुढे आला. दाजींकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्यानं हात जोडले.

“बाईनू, तुमी सांगलास म्हणान गाव वाचलो.”

मग एकेक जण येऊन तिच्या पाया पडू लागला.