आवाज क्रमांक चार

साबिरा मुकादम घणसोलीतल्या एका खासगी शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवत होती. माहेर उरणकडचं, नवरा तबरेज जासईजवळच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर. नवे पालक तिचं नाव ऐकून विचारायचे, "तुम्ही उर्दू शिकवता का?" ती सांगायची, "नाही, मराठी. आठवी-नववी." या प्रश्नाचं तिला आता काही वाटत नसे. तिच्या तासाला मुलं गप्प बसत नसत, भांडून कवितेचा अर्थ लावत. तिला तेवढं पुरे होतं.

डॉ. नंदिनी प्रभुदेसाईंनी तिला बी.एड.ला शिकवलं होतं. बी.एड. अर्ध्यावर असताना घरच्यांनी "आता बास" म्हटलं, तेव्हा मॅडम स्वतः उरणला जाऊन तिच्या वडिलांशी बोलल्या होत्या. त्यामुळे ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला तेव्हा साबिरानं पूर्ण ऐकायच्या आधीच हो म्हटलं.

"पालकांना शिक्षकांची भाषा कशी वाटते, असा विषय आहे," मॅडम म्हणाल्या. "चार शिक्षिकांचं वाचन ऐकवायचंय. एक तू."

वाशीच्या कॉलेजात रेकॉर्डिंग झालं. मिठागरांवरचा एक उतारा होता. मॅडमनी तिच्याकडून तो तीनदा वाचून घेतला आणि तिसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकत राहिल्या. "असं स्वच्छ मराठी हल्ली कानावर पडत नाही गं," त्या म्हणाल्या. साबिरानं फॉर्मवर सही केली. वाचला नाही. मॅडमचा फॉर्म काय वाचायचा?

त्यांना एक शाळा हवी होती. साबिरा आपणहून मुख्याध्यापकांकडे गेली. श्यामसुंदर सर भिडस्त होते, पालकांना घाबरून असायचे. "तुमच्या मॅडम आहेत म्हणून हो म्हणतो," ते म्हणाले.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी, निकालपत्रं घ्यायला पालक आले तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत पाहणी झाली. खुर्च्या साबिरानंच लावल्या, हेडफोन पुसून ठेवले, बाहेर पालकांची रांगही तिनंच लावली. आत काय विचारतात ते तिला माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "तू बाहेरच थांब. नाहीतर त्यांच्यावर दडपण येतं."

आठवीतल्या ईश्वरीची आई बाहेर आली आणि साबिराशी न बोलता निघून गेली. दरवेळी ती पाच मिनिटं तरी थांबायची.

मंगळवारी श्यामसुंदर सरांनी तिला बोलावलं.

"मॅडम, बसा. पालकांच्या ग्रुपवर चर्चा चाललीये. म्हणतात, कॉलेजच्या प्रोफेसर बाईंनी तुमचं मराठी तपासायला घेतलं होतं."

"माझं नाही सर. चौघींचं होतं."

"नावं होती ना त्यात? तुमचं नाव होतं. बाकीच्या तिघींना इथं कोणी ओळखत नाही. लोकांचं म्हणणं सरळ आहे. शंका नसती तर विचारलं कशाला असतं?"

"तुम्ही ऐकलंय का ते रेकॉर्डिंग?"

"मी ऐकून काय करू? मला तर तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं वाटतं." सरांनी समोरचा कागद सरळ केला. "दिवाळीपर्यंत केतन सर घेतील तुमचे तास. तुम्ही लायब्ररी बघा. पगाराला धक्का नाही, टेन्शन घेऊ नका."

केतन सर भूगोलाचे होते.

त्याच दुपारी साबिरा वाशीला गेली. मॅडम लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. तिला बघून खुर्चीतून उठल्याच.

"तुलाच फोन करणार होते! बस, बस. बघ काय आलंय."

पडद्यावर दोन उभे पट्टे होते, एक उंच, एक बुटका.

"आवाज क्रमांक एक, वैदेही. पाचपैकी चार पूर्णांक चार. आवाज क्रमांक चार, साबिरा. दोन पूर्णांक एक."

"वैदेही कोण?"

"तूच!" मॅडम हसल्या. "दोन्ही आवाज तुझेच आहेत. तुझंच एक वाचन, दोन नावांनी ऐकवलं. मधल्या दोघी दुसऱ्या. एकशे बारा पालकांत एकालाही ओळखू आलं नाही. इतका स्पष्ट फरक मी आजवर बघितला नाही."

साबिरा पट्ट्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, माझे तास काढून घेतले."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "पण मग हे तुझ्याच बाजूचं आहे ना? तुझ्यात दोष नाही, त्यांच्या कानात आहे, हेच तर मी सिद्ध करतेय."

"तेवढं सरांना लिहून द्या. दोन ओळी."

"आत्ता नाही देता येणार. अजून तुर्भ्याच्या आणि नेरुळच्या शाळा व्हायच्यात. हे बाहेर फुटलं तर पुढचं सगळं वाया जाईल. शोधनिबंध छापून आला की देते. मार्चपर्यंत."

"माझं खरं नाव कशाला घातलंत?"

"दुसरं कुठलं घालणार होते? तुझं होतंच की. आणि फॉर्ममध्ये लिहिलेलं होतं, साबिरा."

साबिरानं पालकांचे कागद बघायला मागितले. मॅडमनी गठ्ठा पुढे सरकवला. कागदांवर लिहिणाऱ्यांची नावं नव्हती, पण अकरा वर्षं वह्यांवर पालकांचे शेरे वाचल्यावर अक्षरं ओळखीची होतात. 'आवाज ४: उच्चारात उर्दूची झाक.' 'आवाज ४: व्याकरण कच्चं.' उतारा छापील होता, तिनं फक्त वाचला होता. एक अक्षर पार्थच्या वडिलांचं होतं. पार्थ तोतरा बोलायचा. साबिरानं दोन वर्षं मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून वाचायला लावलं होतं, आणि मागच्या वर्षी तो स्टेजवर उभा राहून बोलला होता. त्या दिवशी त्याच्या वडिलांनी तिला हात जोडले होते. त्यांनी लिहिलं होतं, 'आवाज १: अशी शिक्षिका हवी. आवाज ४: ळ म्हणता येत नाही. मुलांवर परिणाम होईल.'

"मला ळ येतो," साबिरा म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "मॅडम, मला ळ येतो ना?"

नंदिनी मॅडम तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी ड्रॉवर उघडून रेकॉर्डर काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"हे परत म्हण," त्या हळुवार आवाजात म्हणाल्या. "अगदी तसंच. हे फार महत्त्वाचं आहे."

साबिरा उठली आणि निघून आली.

निबंध फेब्रुवारीतच छापून आला. त्याला एका परिषदेत बक्षीस मिळालं. त्यात साबिराचा उल्लेख 'सहभागी शिक्षिका' असा एकदा होता. मॅडमनी कबूल केल्याप्रमाणे शाळेला पत्र पाठवलं. श्यामसुंदर सरांनी ते साबिराला वाचून दाखवलं, चांगलं आहे म्हणाले. "पण हे ग्रुपवर टाकलं तर पालक म्हणतील, आम्हाला फसवलं. चिडतील. आणि केतन सरांचं आता बसलंय."

ती लायब्ररीतच राहिली. मुलं पुस्तकं बदलायला यायची आणि पुस्तक घेऊन जायची. रजिस्टरवर मुलांची आणि पुस्तकांची नावं लिहिताना ती ओठांत पुटपुटायची: बाळकृष्ण, मृणाल, कमळ. कधी बरोबर वाटायचं, कधी नाही. आपलं आपल्याला ऐकू येतं तसंच इतरांना येतं का, याची तिला खात्री वाटेना.

तिची मुलगी मिस्बाह सातवीत होती. एका रविवारी सकाळी ती फोनवर नानीशी बोलत होती, घरच्या बोलीत, खिदळत. साबिरानं फोन हातातून घेतला आणि बंद केला.

"नीट बोलायचं. घरातसुद्धा."

"नानीशी पन?"

"पण. पन नाही." तिनं मिस्बाहला टेबलाशी बसवलं. "म्हण. निळा."

"निळा."

"पुन्हा. डोळा."

"डोळा."

"जीभ वर घे. बाभूळ. पुन्हा. अजून एकदा."

अर्धा तास झाला. मिस्बाहच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात मांडीवरून हलला नाही. तबरेज नाश्ता टाकून दारात येऊन उभा राहिला.

"साबिरा, बरोबर बोलतेय ती. काय चुकलंय तिचं?"

"तुला कळत नाही."

"तुला तरी ऐकू येतंय का?"

साबिरानं पट्टी उचलून टेबलावर आपटली, आणि मिस्बाह दचकली तेव्हा तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं तिनं स्पष्ट ओळखलं, तरी ती थांबली नाही.

"मुळा," ती म्हणाली. "जोरात."

मिस्बाहनं तोंड उघडलं. अडखळून तिनं 'मुला' म्हटलं. पहिल्यांदाच चुकली होती.

"बघ," साबिरा नवऱ्याकडे वळून म्हणाली. "ऐकलंस?"