महालक्ष्म्यांपुढे हर्षा

हर्षानं खोलीचं दार पायानं लोटलं आणि पंखा पूर्ण वेगावर सोडला. तरी तळणाचा वास आत शिरलाच.

"घरात माणूस मरून राहिलं," ती म्हणाली, "अन् तुया सुनेले पडवळ भेटत नाही म्हणून रडू येऊन राहिलं."

पलंगावरच्या मंजुषानं डोळे उघडले नाहीत. "भेटलं का?"

"काय?"

"पडवळ."

पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी मंजुषाला अकोल्यातल्या या घरी परत पाठवलं, तेव्हा हर्षा अमरावतीहून एका पिशवीनिशी आली होती. कॉलेजात असताना दोघी एका खोलीत राहिल्या, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. पुढे हर्षानं जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. देव या विषयावर ती वाद घालत नसे, नुसती हसे. आणि त्या हसण्यानं समोरचा उभा जळे.

आज महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. चाळीस पानं उठली. जेवून झालेला प्रत्येक जण हात पुसत खोलीच्या दारात यायचा, मान वाकडी करायचा आणि आतल्या बाईच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहून लगेच खाली बघायचा. शेजारच्या बेबीताई तर पार उशाशी आल्या. त्यांच्या ओठाला पुरण लागलेलं होतं.

"देवी सारं बरं करते. नवस बोला तुमी."

"तिचं यकृत संपलं हाये, बेबीताई," हर्षा म्हणाली. "देवी नवं बसवते का? मंग मी बी बोलतो नवस."

बेबीताई गेल्या. बाहेर रागिणी, मंजुषाची सून, मोबाइल उंच धरून आरास टिपत होती.

"सासू येऊ देऊ नको हं त्यात," हर्षा दारातून म्हणाली. "शोभणार नाही."

रागिणीनं मोबाइल खाली घेतला. काही बोलली नाही. तेही हर्षाला आवडलं नाही. तिला भांडण हवं होतं.

दुपारी घर सुस्तावलं. जो तो जिथं जागा मिळेल तिथं आडवा झाला. औषधानं मंजुषाचा डोळा लागला, पण झोपेतही ती कण्हत होती. ते ऐकवेना म्हणून हर्षा पाणी प्यायला बाहेर आली.

बैठकीत दोघी उभ्या होत्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळेचे मुखवटे, भरजरी शालू, भोवती लुकलुकणारी चिनी माळ. हर्षानं त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. आत पत्र्याचं धड, पोटात गहू. यकृत नाही, फुप्फुस नाही, दुखायला काही नाही. तरी चेहरा किती समाधानी! दुखत नसेल तर समाधान कोणालाही जमेल.

कनिष्ठेचा पदर घसरला होता. हर्षानं तो सारखा केला. आतून पुन्हा कण्हणं आलं आणि तिचा हात त्या पदरावरच राहिला.

"ने हिले," ती म्हणाली. "आजच ने. लई झालं आता."

मग तिचे गुडघे टेकले, पाठोपाठ कपाळ देवीच्या पायांशी. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. जाग आली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि मानेमागे कोणीतरी उशी सरकवलेली होती. स्वयंपाकघरात रागिणी एकटीच भांडी आवरत होती, आवाज होऊ न देता.

"कुठं होती वं?" ती खोलीत परतताच मंजुषानं विचारलं.

"पाणी प्यायले गेली होती."

"कपाळाले हळद लावून पाणी पेते का?"

हर्षाचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"काय मागतलं?"

"तुयं जाणं," हर्षा म्हणाली.

मंजुषा हसली. हसताना तिला कळ आली, तरी हसली. "मी पंधरा दिवसांपासून तेच मागून राहिली. बरं झालं वं. आता दोघी झालो."

हर्षानं तिचा हात धरला. त्या रात्री दोघींनाही बऱ्यापैकी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठवायच्या होत्या. मंजुषाचा श्वास चालूच होता, घशात अडकत, घासत. रागिणी ताट घेऊन पुढे झाली आणि मुखवट्याला हात लावणार, एवढ्यात हर्षा आली.

"थांब."

ती कनिष्ठेसमोर उभी राहिली. नापास पोराच्या वहीकडे बघावं तशी तिनं त्या पितळी चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय सांगितलं होतं तुले काल? कानात एवढ्या मोठ्या कुड्या घातल्या, ऐकू काही येते का नाही? पुरण खायले बरोबर आली. काम सांगितलं, तं हासत उभी!"

दारातल्या बेबीताईंनी तोंडाला पदर लावला. रागिणी हलकेच पुढे आली.

"मावशी, मुहूर्त निघून जाईन."

"जाऊ दे," हर्षा मान न वळवता म्हणाली. "मायं बोलणं झालं नाही अजून."