ऊबपेटीतले काळे ठिपके

मित्रांनो, मी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली एक जुनी ऊबपेटी आहे. दिसायला लोखंडी कपाट, आतून काचेचं दार, आणि अंग सदा बारीक ताप असल्यासारखं कोमट.

कुणी काही खाऊन आजारी पडलं, की उरलेलं अन्न आमच्याकडे येतं. त्यातले जिवाणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून आमच्या ताई ते अन्न पोषक रसात कालवून माझ्या उबेत ठेवतात. जिवाणू वाढले, की तारेच्या कडीने त्यातला थेंब लाल जेलीच्या बशीवर ओढतात आणि बशी पुन्हा माझ्या पोटात ठेवतात. बशीत काळे ठिपके उगवले, की साल्मोनेला नावाच्या घातक जिवाणूचा संशय घ्यायचा. मग ठिपक्यातल्या जिवाणूंवर सीरमचा, म्हणजे नेमका साल्मोनेला ओळखणाऱ्या द्रवाचा थेंब टाकायचा. बारीक गुठळ्या झाल्या, की संशय उरत नाही.

माझी देखभाल करायच्या त्या साफसफाईच्या मावशी. माझ्या काचेवर त्यांनी कधी बोटाचा ठसा राहू दिला नाही. वापरलेल्या बशा उकळून निघाल्या, की धुवायच्याही त्याच. त्यांची नात कधीकधी त्यांच्याबरोबर यायची. मिरीएवढी आणि मिरीसारखीच तिखट, म्हणून सगळे तिला मिरीच म्हणत. माझ्या दाराला गाल लावून ती म्हणायची, "आजी, हिला ताप आलाय. हिला औषध दे."

एकदा मिरीच तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण पोर पार वाळून गेली. आई दिवसभर कामावर, म्हणून मावशींनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. अंगात ताकद यावी म्हणून रोज सकाळी दुधात कच्चं अंडं फेटून पाजलं. आणि एका सकाळी मिरीला उलट्या-जुलाब सुरू झाले. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

तिथल्या डॉक्टरांनी घरातलं दूध, पाणी, उरलेली अंडी आणि बाटलीतलं अंडं-दूध तपासायला सांगितलं. पिशवी घेऊन मावशी स्वतः आल्या.

"ताई, दुधातच असेल हो. तो दूधवाला हात तरी धुतो का?"

"बघू या, मावशी. तुम्ही पोरीजवळ थांबा."

बशा माझ्या पोटात असतानाच मिरी गेली.

मी ऊब देत राहिले. मला दुसरं काय येतं? दुधाची बशी स्वच्छ निघाली, पाण्याचीही. अंड्यांच्या आणि अंडं-दुधाच्या बशीत काळे ठिपके दाटले होते. सीरमनेही तेच सांगितलं. ताईंनी लगेच अन्न खात्याला फोन केला आणि दुकानांतून त्याच मालातली अंडी उचलली गेली. कितीतरी घरं वाचली.

मावशी कामावर आल्या, तेव्हा त्यांना कसं सांगावं हे ताईंना सुचत नव्हतं. पण मावशींनी फडकं घेऊन माझं बाहेरचं दार उघडलं आणि आतल्या काचेतून बशा पाहिल्या. आयुष्यभर तसल्याच बशा धुतलेल्या. ठिपक्यांचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही.

"अंड्यांतच होतं ते, मावशी," ताई म्हणाल्या. "तुमची काही चूक नाही."

"खरंय. पण पाजलं कुणी? तोंड फिरवत होती पोर. मीच म्हटलं, आजीसाठी एक घोट."



नंतर मावशींनी स्वयंपाक सोडला. पावाचे तुकडे पाण्याबरोबर गिळायच्या. एकदा मिरीची आई इथे आली. पोरीमागे तीही अर्धी झाली होती. माझ्यासमोरच्या बाकावर मावशींशेजारी बसून म्हणाली, "आई, घरी चल. मला भूक लागलीये. तुझ्या हातचं काहीतरी कर."

मावशींनी दोन्ही हात पदराखाली लपवले. "नको गं. माझ्या हातचं नको."

लेकीने पदराखालचे ते हात ओढून काढले आणि स्वतःच्या हातांत धरून ठेवले. दोघींच्या डोळ्यांना धार लागली. त्या दिवशी मावशी तिच्याबरोबर गेल्या, त्या कामावर परतल्याच नाहीत.

आता नवी यंत्रं आली आहेत. मी बोळात उभी आहे, तारेचं शेपूट गुंडाळलेली. काचेवर धूळ साचलीये.

मित्रांनो, अंडं नीट शिजवून खा, दूध उकळून प्या, उरलेलं थंड जागी ठेवा. आणि एवढं करूनही कुणाच्या मायेच्या हातून असं घडलं, तर त्या माणसाला दोष देऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि म्हणा, मला भूक लागलीये.