हरणाबाईचा गुळाचा नवस

सांगलीच्या गूळबाजारात राबायचं आणि गूळ तोंडात घालायचा नाही, असला नवस हरणाबाईच करू जाणे! १९४४ साल, लढाई अजून चालू. तिचा एकुलता एक शांतवन पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेलेला. मार्चपासून त्याचं पत्र नव्हतं. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार आला. ख्रिस्ती देवळात चार रविवारच्या चार मेणबत्त्यांतली पहिली लागली, आणि मिशनशाळेचे कोंडीबा मास्तर उपदेशात म्हणाले, "हे चार आठवडे प्रभूच्या येण्याची वाट बघायचे." बाईनं त्याच वाटेवर आपला पोरगाही उभा केला.

"देवा, नाताळापर्यंत गोडाला शिवत न्हाई. माजं लेकरू धाडून दे."

मास्तरांना कळलं तसे ते चिडले. "आवं, देवासंगं सौदा करताय व्हय? त्याची कृपा फुकाट असती."

"फुकाट कोन देतं मास्तर? आमच्या बाजारात तर न्हाई."

औंधच्या यमाईला नवस बोलणाऱ्या आजीच्या मांडीवर बाई वाढलेली. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं तेवढं कसं धुऊन जाईल?

बारा दिवस तिनं नेटानं काढले. कोपरापर्यंत हात गुळानं चिकट, पण बोट काही चाटलं नाही. तेराव्या दिवशी भर दुपारी ढेपा वाहून ती मटकन खाली बसली. जोडीच्या धोंडुबाईनं सवयीनं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढं केला, हिनंही सवयीनं तोंडात टाकला. विरघळल्यावर ध्यानात आलं. घशात बोटं घालून ओकली बिचारी, पण मोडलेला नवस काय सांधतोय!

तीन दिवसांनी सरकारी कागद आला. मास्तरांनी वाचला. शांतवन लढाईत पडला होता.

हरणाबाई रडली नाही. छातीवर बुक्क्या मारत एकच म्हणत राहिली, "एका खड्यापायी लेकराला म्या मारलं." दोन दिवस पोटात अन्न नाही. मास्तरांनी देवाच्या कृपेचं सांगून बघितलं; पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी कागद पुन्हा उघडला, आणि घाईत नजरेतून सुटलेली तारीख दिसली.

"बाई, शांतवन जूनमदी गेला. तुमी नवस बोलला तवा पाच म्हयनं उलटलं हुतं. तुमच्या खड्यानं काय बी झालेलं न्हाई."

हरणाबाई उसळली. "मंग देवाला ठावं हुतं की! मी वाट बघती, आन् त्यो नुस्ता बघत बसला व्हय?"

मास्तर बायबलातली वचनं तोंडावर फेकणारा माणूस नव्हता. "मला न्हाई ठावं, बाई," ते म्हणाले, आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून ढसाढसा रडले. शांतवनाला पाटीवर अक्षरं त्यांनीच शिकवली होती.

चौथ्या रविवारी बाई देवळात आली, पार मागं बसली. चौथी मेणबत्ती लागलेली तिनं बघितली. उपासना संपवून बाहेर पडते तो दारात धोंडुबाई. कधी या दाराशी न आलेली बाई, पदर तोंडात धरून उभी.

"माज्याच हातानं झालं गं समदं," ती म्हणाली. "मीच दिला त्यो खडा."

सहा दिवस ही पण तेच घेऊन जळत होती तर! हरणाबाईनं तिचा हात धरला.

"त्यो जूनमदीच गेला हुता गं, तुज्या खड्यानं न्हाई. गूळ हाय का पदराला?"

धोंडुबाईनं गाठ सोडली. हरणाबाईनं खडा उचलून जिभेवर ठेवला.

"आजून गोड लागतंय गं," ती म्हणाली, आणि धोंडुबाईच्या गळ्यात पडून शांतवनाच्या नावानं तिनं पहिल्यांदा हंबरडा फोडला.